गाठोड्यातली जॅकेटं

२ ऑगस्ट
चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

चिमीला पलतीरावरच्या दवाखान्यात नोकरी लागली. राहील तुझ्याकडे, जाईल-येईल तुझ्याच होडीने. मामाची होडी म्हणून ती खुशीत आहे. मी मात्र नाही. मागे आले तेव्हा लाइफ जॅकेटं तू फळीखाली गाठोडं बांधून ठेवली होतीस, मळू नयेत म्हणून. पाहुण्यांच्या चादरी आहेत का त्या? किनाऱ्यावरच सगळ्यांच्या अंगात चढव, स्वतःही घाल. होडीवाल्याला पोहता येत नाही हे उतारूंना ठाऊक नसेल, मला आहे. मन थाऱ्यावर नाही. उलटटपाली कळव.
तुझी काळजीखोर,
ताई

९ ऑगस्ट
ती. ताईस सा. न. वि. वि.

चिमी मजेत आहे. तुझं पत्र वाचून तीही हसली. जॅकेटं मळली की तपासणीचे साहेब कुरकुरतात, म्हणून बांधतो. वेळ आली तर सोडायला कितीसा उशीर? आणि होडी चालवायची असते, पोहत ओढायची नसते. उगाच जीव टांगणीला लावू नकोस. भाऊजींना नमस्कार.
लोभ ठेव, रागावलीस तरी.
धाकटा

१७ ऑगस्ट
ती. ताईस सा. न. वि. वि.

चिमीच्या आधी मीच लिहितो. काल मध्यावर वारा सुटला, इंजिन बंद पडलं, पाणी आत येऊ लागलं. गाठोड्याची गाठ भिजून अशी आवळली की सुटेना. शेवटी चिमीने दातांनी सोडवली. दुसऱ्या होडीने आम्हाला ओढून आणलं, सगळे सुखरूप आहेत. आता जॅकेट घातल्याशिवाय उतारूला होडीत पाय ठेवू देत नाही. बडबडतात, बडबडू देत. तू शांत झोप.
तुझ्या बोलण्यांचा धनी,
धाकटा

२३ ऑगस्ट
चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

कुठली शांत झोप? तू गाळलेलं चिमीने कळवलं. होडीत जॅकेटं जागांइतकीच. चालवणाऱ्याचं कुणी धरलंच नाही. त्या दिवशी तू नुसत्या सदऱ्यावर होतास, अजूनही तसाच असतोस. माझी लेक तू सुखरूप आणलीस, तुला रागवायला मला तोंड नाही. तरी रागावते. नवं जॅकेट येईपर्यंत एक उतारू कमी घे, त्याचं तू घाल. मागे राहणारी चिमी असली तर तिलाच ठेव. कामाला उशीर झाला म्हणून ती चिडेल, तिची समजूत मी काढीन. तुला काही झालं, तर माझी समजूत काढणारं कोणी नाही.
तुझीच,
ताई