तू जा, मी बघतोय

आप्पा, तुमची नात शर्यतीत उतरली. खऱ्याखुऱ्या, पेट्रोलच्या गाडीत. गाडी म्हणजे लोखंडी पाइपांचा सांगाडा, बुटकी चाकं आणि मागे इंजिन. बसलं की बूड रस्त्याला टेकतंय की काय असं वाटतं. कार्ट म्हणतात तिला. पोरगी आठ वर्षांची, वेणी घालायला अजून मी लागते; पण मैत्रिणीच्या वाढदिवसाला चाकणच्या बाजूच्या ट्रॅकवर एकदा बसली आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. जेवायचं ताट स्टिअरिंगसारखं धरून वळणं घेते, आमटी सांडते. मी ओरडते, आणि ओरडता ओरडता मला तुमचा गुरुवार आठवतो.

गुरुवारी एमआयडीसी बंद. एरवी ट्रकांनी तुंबलेला भोसरीचा रस्ता त्या दिवशी मोकळा असायचा. मी अकरावीत होते. सुट्टीच्या दिवशीही तुमचे पाय कंपनीकडेच वळायचे, तसे मला मोपेड शिकवायला तुम्ही कंपनीच्या गेटपाशीच घेऊन गेलात. पहिल्यांदा एकटीला सोडलंत तेव्हा मी रडकुंडीला आले होते. तुम्ही खेकसलात, "त्या चिंचेपातूर जायाचं, वळायचं, यायाचं. हाय काय त्यात? तू जा, मी बघतोय." मी गेले. वळताना लटपटले, पाय टेकला, पुन्हा निघाले. पाठीवर तुमची नजर आहे, या एका भरवशावर. पुढे नोकरी, हिंजवडीचं ते ट्रॅफिक, बाळंतपण, सगळं त्याच भरवशावर निभावलं. तुम्ही गेल्यावरसुद्धा.

काल तिची पहिली शर्यत होती. आई हट्टाने आली, पिशवीत नारळ आणि लिंबू घेऊन. दसऱ्याला तुम्ही ठेवायचात तसं कार्टच्या चाकाखाली लिंबू ठेवायला वाकली, तर मेकॅनिक धावतच आला. "आजी, टायरला रस लागला तर गाडी घसरंल ना!" शेवटी कार्ट ज्या ट्रॉलीवर आणली होती, तिच्या चाकाखाली लिंबू चिरडलं. मग आईला दिसलं की गाडीला सीटबेल्टचा पट्टाच नाही. कार्टला नसतोच, हे तिला पटवता पटवता मीच मेकॅनिकला दोनदा विचारून घेतलं.

त्यात सकाळच्या सरावात पोरगी गर्रकन फिरली आणि कडेला रचलेल्या टायरांवर आदळली. लागलं काही नाही, पण हेल्मेट काढलं तेव्हा ओठ थरथरत होते. शिकवणारे सर म्हणाले, "ताई, जबरदस्ती नको. तिलाच ठरवू द्या." तिने मला विचारलं, "तू इथेच थांबशील?" मला म्हणायचं होतं, चल घरी, खड्ड्यात गेली ती शर्यत. तोंडातून निघालं ते तुमचं. "तू जा, मी बघतेय." तिने आपल्या हाताने हेल्मेट चढवलं.

झेंडा पडला, इंजिनं किंचाळली आणि मी चहाच्या टपरीकडे तोंड फिरवलं. बघवेचना. आईने मला कोपराने ढोसलं आणि हसायला लागली. "बापाचीच लेक! त्ये बी असंच. तू गाडीवर गेलीस की गेटाकडं तोंड करून उभं ऱ्हायाचे. वॉचमन म्हणायचा, आली बघा पोरगी, मग वळायचे. घरी येऊन मला सांगायचे, बघवत न्हाई गं."

आप्पा, इतकी वर्षं तुम्ही मला बनवलंत! हसू आवरेना, डोळेही आवरेनात. तुम्ही फार हवे होतात काल.

पोरगी शेवटून दुसरी आली. घामेजलेली, लालबुंद, धावत येऊन मला बिलगली. "आई, शेवटच्या वळणावर मी एकाला मागे टाकलं! बघितलंस ना?"

"बघितलं की. सगळं बघितलं."

हे पत्र मी फाडून टाकणार आहे. ती आता जोडाक्षरंसुद्धा भराभर वाचते.