चाळीस सेकंद पुढे

१ नोव्हें. ९८, रवि.
गोव्याहून येणारं विमान माझ्या घड्याळांच्या दुकानावरून १०.४२.१५. उंची चोवीस हजार फूट, रेडिओवर पायलट स्वतःच म्हणाला. वहीत नोंद केली.
दुपारी इक्बाल आला पोलादपूरहून. टेम्पो दारातच. भावाने कुवेतहून रेडिओ सेट पाठवलाय. एवढासा, काळा. आकडे दाबले की थेट विमानाची लाईन. माझ्या जुन्या डब्याची चक्री फिरवून स्टेशन लागेतो विमान पनवेल गाठतं.
"बघ ना दत्ता, कसला हाय!"
बघितला. छान आहे म्हणालो. ह्याला विमानांचा नाद लावला कोणी? मी. पहिली वही आखून दिली कोणी? मीच.

८ नोव्हें., रवि.
इ.बरोबर आंबेनळी घाटात. वरच्या वळणावर सेट लावला आणि मुंबई बोलली, थेट कंट्रोल टॉवर! आठ वर्षं महाडच्या खोलगटात बसून मी नुसता पायलट ऐकतोय. तो विचारणार, उत्तर डोंगरापलीकडेच राहणार. आज प्रश्न आणि उत्तर दोन्ही.
इ. वडापाव खात म्हणतो, "मी तर दर फेरीला ऐकतो, महाबळेश्वरला जाता-येता."
दर फेरीला! तेही तोंडात घास घेऊन!
सुमन: "अहो, तोंड का एवढंसं झालंय? घाट लागला का?" हो म्हणालो.

१८ नोव्हें.
मुंबईच्या हौशी विमान-निरीक्षक मंडळाचं पत्रक आलं. दर महिन्याला आम्ही दोघं नोंदी पाठवतो. 'उत्तम वही: इक्बाल, पोलादपूर.' मी खाली, 'इतर'मध्ये. आठ वर्षं आणि इतर.
जळतो मी. लिहून टाकलं एकदाचं. पत्रक बंद घड्याळांच्या खणात टाकलं, सुमनला दाखवलं नाही.

२२ नोव्हें., रवि.
इ.ने सेल बदलले तर सेटमधलं घड्याळ शून्यावर. "तूच लाव बाबा. महाडात टाईम म्हंजे तुझा." खरंच आहे ते. सकाळच्या बातम्यांआधी रेडिओवर वेळेचे पिप्स वाजतात, त्यावर मी भिंतीवरचं मोठं घड्याळ मिळवतो आणि सगळी बाजारपेठ माझ्यावर.
लावून दिलं. चाळीस सेकंद पुढे.
चुकून नाही. इथे तरी खरं लिहावं. इ. समोर बसून चहा पीत होता.

२९ नोव्हें., रवि.
रविवारचा आमचा खेळ. गोव्याचं विमान आधी इ.च्या अंगणावरून गेलं की तो वेळ टिपतो, मग दुकानावरून गेलं की मी. मधे अठरा कि.मी. फरकावरून वेग काढायचा. दरवेळी ऐंशी सेकंद, म्हणजे ताशी आठशे. आज त्याचं घड्याळ पुढे, म्हणून चाळीसच. सोळाशे!
फोनवर इ. हैराण. "माझी नजर चुकतेय काय रे?"
"होतं असं. सवय लागते."
काय गोड वाटलं म्हणून सांगू! जेवताना दोन वाट्या खीर जास्त खाल्ली.

२३ डिसें.
पत्रक. इ.च्या नोंदीखाली शेरा: 'पोलादपूरवरून प्रवासी विमानं तोफगोळ्यासारखी जातात काय? घड्याळ किंवा डोळे, काहीतरी तपासा.' माझं नाव सगळ्यात वर.
इ.चा फोन. "बरी खेचलीय माझी! घड्याळ तर तू लावलंयस, म्हंजे डोळेच गेले. चष्मा काढतो आता." आणि खो-खो हसला. चिडला असता तर बरं झालं असतं.

२७ डिसें., रवि.
रमजान चालू आहे. इ. दुकानात आला, चहा नको म्हणाला. मंगळ-गुरु-शनि त्याची महाबळेश्वरची फेरी, परतीला घाटातच सूर्य बुडतो. सहज विचारलं, तिथे अजान कुठे ऐकू येणार, रोजा सोडतोस कसा?
"तुझ्या घड्याळावर! टाईमटेबल काचेला चिकटवलंय, सेट समोर. मिनिट भरला की खजूर तोंडात. दुसरं घड्याळ बघतच नाय मी."
चिमट्यातला स्क्रू उडाला. सगळं दुकान झाडलं, सापडला नाही. तोवर इ. गेला.
तेव्हाच का नाही बोललो?

२९ डिसें., मंगळ.
आज फेरी. सकाळी फोन करता आला असता. रिसीव्हर उचललासुद्धा. सांगितलं तर पत्रकवाल्यांनाही कळणार, सगळ्या बाजारपेठेला कळणार. घड्याळजीनेच घड्याळ बिघडवलं. ठेवून दिला.
संध्याकाळी सहा-दहाला भिंतीकडे बघत बसलो. त्याने खजूर चाळीस सेकंद आधीच खाल्ला असणार.

३० डिसें.
अत्तरवाले करीमचाचा पट्टा बदलायला आले. आडून विचारलं, "चाचा, रोजा चुकून पाऊण मिनिट आधी सुटला तर?"
"तर तो नाय धरला जात. नंतर परत ठेवायचा. चुकून झालं तर अल्ला माफ करणारा हाय." मग चष्म्यावरून बघत, "पण बाबा, ज्याचा चुकला त्याला कळायला तर पायजे."
म्हणजे नुसतं घड्याळ नीट करून भागणार नाही.

३१ डिसें., गुरु.
पहिल्या एस.टी.ने पोलादपूर, फेरीआधीच गाठला. सेट मागून घेतला, मनगटावरच्या घड्याळावर मिळवला. आता सेकंदाचाही फरक नाही. सांगायचं म्हणूनच गेलो होतो. तेवढ्यात त्याची आई आतून, "दत्ता, सुमनला पोहे न्हे रे, घरचे हायत."
पोह्यांची पिशवी घेऊन परत आलो. लाज कशी ती नाही मला.

३ जाने. ९९, रवि.
ऐंशी सेकंद. इ. फोनवर नाचतोय, "डोळे सुधारले, दत्ता! चष्मा वाचला!" पत्रकात माझं नाव वर आलं तेव्हा त्या फोनवर ह्याने आधी माझं अभिनंदन केलं होतं, ते मी लिहिलंच नव्हतं. मनापासून बोलत होता. मला एकदा तरी जमलंय का तसं? त्याच्या सेटपेक्षा ह्या दिलदारपणाचाच जास्त राग येतो मला.

२० जाने., ईद
इ. शीरखुर्म्याचा डबा घेऊन आला. नवा सदरा, अत्तर. गळाभेट घेतली. म्हणतो, "यंदा एकपण रोजा चुकला नाय. घाटात असून! तुझी मेहरबानी."
म्हणालो, "बस जरा. बोलायचंय."
"चाचांना भेटून अर्ध्या तासात येतो."
दुकानाच्या फळ्या लावल्यात. डबा उघडलेला नाही. वहीचं पान फाडून चुकलेल्या रोज्यांच्या चार तारखा लिहिल्यात, डिसेंबरच्या: २२, २४, २६, २९. शेवटची मला कळल्यानंतरची. तीसुद्धा लिहिली.
पंचवीस मिनिटं झाली. बाहेर टेम्पो थांबलाय. फळी वाजवतोय.