फितुराला नाक कुणाचं

प्रिय कात्री,

आधीच्या एकाही पत्राला तुझं उत्तर नाही. रागावली असशील तर खुशाल रागाव, पण तसं दोन ओळींत कळव तरी! इथे भिंतींशी बोलून बोलून माझं डोकं उठलंय.

रंगीत काचांच्या खिडक्यांच्या आपल्या कारखान्यात कापणीला तुझ्या जागी अजून कुणी आलेलं नाही. काचा दादाच कापतो आणि निम्म्या फोडतो. मी आपली रंगाच्या टेबलाशी, तोंडाला कुलूप लावून. भावाच्या घरात राहायचं, भावाच्याच कारखान्यात राबायचं, वर वहिनीचे टोमणे चहाबरोबर गिळायचे. तुझं नाव घरात कुणी घेत नाही. 'ती फितूर' म्हणतात. जन्मभर शिसं वितळवून काचा जोडणाऱ्या म्हातारबांचा हात शिशाच्या धुराने मनगटापासून लुळा पडला, त्याचं कुणाला काही नाही. ऊब बाहेर जाते म्हणून दादाने धूर ओढणारा पंखा थंडीभर बंद ठेवला, त्याचंही काही नाही. तू सरकारी तपासनिसाला कळवलंस, तेवढं मात्र पाप!

आणि त्यात चर्चची ही खिडकी. शेवटच्या भोजनाची. वादळात फुटली ती नेमकी यहूदाच्या तोंडावर, म्हणजे येशूला धरून देणाऱ्याच्याच. ते तोंड नव्याने करायचं काम आलं माझ्या गळ्यात. आमच्या बाबांच्या वेळचा खाका तुला पाठ आहे. बाकी सगळ्यांच्या डोक्यामागे तेजोवलय, याच्यामागे नाही. अंगात फितुराचा पिवळा झगा, मुठीत लाचेच्या नाण्यांची थैली आणि नाक पोपटाच्या चोचीसारखं. तो खाका हातात धरून तू एकदा दादाला विचारलं होतंस, या टेबलाभोवती बसलेले सगळेच आम्हा यहुद्यांतले, अगदी येशूसुद्धा, मग 'आमचं' नाक एकट्या यालाच कसं? दादा म्हणाला होता, लोकांना ओळखू यायला नको का? परवा मी तेच फादरना विचारलं. पूर्वीपासून तसंच काढतात, म्हणाले आणि घड्याळ बघायला लागले.

मला वाटलं होतं, निदान तुझी माणसं तरी तुझ्या पाठीशी उभी राहतील. कसलं काय! तुझी मावशी बाजारात भेटली. तुझं नाव काढताच चेहरा पडला तिचा. म्हणाली, आमच्या रोजच्या प्रार्थनेत चहाडखोरांसाठी शाप आहे, आपल्याच माणसांची नावं सरकारात पोचवणाऱ्यांनी आमच्या वस्त्या उजाड केल्यात. माझं टाळकंच सरकलं. म्हटलं, अहो मावशी, हिने कुणाला विकलं? हिला मिळालं काय? होती ती नोकरी गेली! म्हातारबांचा दुसरा हात शाबूत आहे तो हिच्यामुळे. मावशी पिशवी उचलून चालती झाली. तुमचा शाप आणि आमचा झगा, दोन्ही तुझ्याच मापाचे निघावेत, याला म्हणायचं तरी काय?

मग दादाने हद्दच केली. म्हणाला, यहूदाला त्या फितूर पोरीचंच तोंड दे, कुरळ्या केसांसकट, कळू दे सगळ्यांना. मी कुंचला उचलला. तोंड रंगवलं, भट्टीत घातलं, पक्कं भाजून काढलं. काल सकाळी दादाने काच उजेडात धरली आणि जो काही भडकला, विचारू नकोस! नाक बसकं, टोकाला जरा फुगलेलं. आमच्या घराण्याचं. आता पुसायची सोय नाही. मी त्याचंच नाक काढलं, असं तो घरभर ओरडत फिरतोय, आणि वहिनीने कालपासून माझं ताट वाढलेलं नाही.

अगं, तेच नाक माझंही आहे. सोमवारी तुझ्या तक्रारीची सुनावणी आहे आणि दादाने साक्षीला मलाच उभं केलंय. पंखा रोज चालू असायचा, एवढंच म्हण, म्हणतो. मी सांगणार आहे, नसायचा. सख्ख्या भावाच्या तोंडावर सांगणार आहे. त्यानंतर या घराचं दार मला बंद, यात शंका नाही. भीती वाटते गं. म्हणून विचारते, आणि आता तरी उत्तर दे बाई. सोमवारी संध्याकाळी मी बॅग घेऊन आले, तर तुझ्या खोलीत आणखी एक गादी मावेल का?

तुझीच,
रंगाडी