गावगाडी

पिंपळवाघी,
एप्रिल १९९२

प्रिय अभिमन,

हे पत्र एकट्याने वाच. आलेलं पत्र सगळ्यांना बसवून मोठ्याने वाचून दाखवायची तुझी सवय मला ठाऊक आहे. या वेळी ते नको. इकडे ऊन एप्रिलातच असं तापलंय की दुपारी केळीची पानं करपून खाली लोंबतात. तुझ्या भाच्याला शिरपूरला नोकरी लागली. काल बेबाकाकू विहिरीवर पडली, पायाचं हाड मोडलं. तिला भिकननानांच्या बैलगाडीतून तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. जीप फाट्यावर उभी होती, पण काल तिचा सुटीचा वार होता. गाडीलाही आता सुटीचा वार असतो, हे गावातल्या पोरांनाही पाठ झालंय.

ती गाडी आपण आणली तेव्हा तू नुकताच कॉलेज संपवून आला होतास. पावसाळ्यात एसटी नाल्याच्या पलीकडेच थांबायची, आणि आपल्या शेजारच्या वनाची बायको बाळंतपणात वाटेतच गेली होती. तिला जाळून आलो त्याच संध्याकाळी तू म्हणालास, आता गावाची स्वतःची गाडी पाहिजे. तू पुरुषांना गोळा केलंस, पण बायांना तयार केलं ते आईने. कुणी केळीचे घड दिले, कुणी कापूस, ज्यांच्याकडे काही नव्हतं त्यांनी मजुरी दिली. फैजपूरच्या एका व्यापाऱ्याची जुनी जीप तू घेऊन आलास आणि वना ती चालवायला शिकला. बायको गेल्यावर तो कुणाशी बोलत नसे. गाडीने त्याला बोलतं केलं. कधीही हाक मारा, हातातला घास ताटात टाकून उठायचा. "गाडी बठ्ठासनी शे," गाडी सगळ्यांची आहे, असं आई येईल त्या पाहुण्याला सांगायची, जणू पोटच्या लेकराचं कौतुक करतेय.

पुढे तू जिल्हा परिषदेवर निवडून आलास. जिल्ह्याने गावोगावच्या अशा गाड्या आपल्या ताब्यात घ्यायचं ठरवलं, आणि आपली गाडी पहिली द्यायची हे तू ठरवलंस. मारुतीच्या पारावर सभा झाली. नवे टायर मिळतील, डिझेल मिळेल, वनाला सरकारी पगार मिळेल, असं तू सांगत होतास. सगळे खूश होते. आईनेच तेवढं विचारलं, "मंग आम्ही हाक कोनले मारानी?" तू हसून म्हणालास, "आई, आता हाक नाही मारायची, अर्ज करायचा." सगळे हसले. आईही हसली. पोरगा किती मोठं बोलतो, याचंच तिला अप्रूप.

आता तुला जे सांगितलं नाही ते सांगते. आई घरात झोपेत गेली, असं आम्ही तुला सांगितलं होतं. तसं झालं नाही. त्या सकाळी तिचा दमा उसळला. ओठ काळेनिळे पडले. मी आणि भिकननानांनी तिला धरून फाट्यावर नेलं. जीप उभी होती, पण आत खुर्च्या रचलेल्या, वर हारांच्या टोपल्या. तालुक्याला तुझा सत्कार होता, गाडी दिल्याबद्दलचा. वना खुर्च्या खाली उतरवायला लागला, तर सोबतचा कारकून म्हणाला, कार्यक्रमाची गाडी आहे, हुकूम मोडलास तर नोकरी जाईल. वना त्याच्या अंगावर धावून गेला. तेव्हा आईने हात वर केला. बोलायला दम नव्हता, तरी म्हणाली, "जाय बेटा. मन्हा अभिमन वाट देखी राहिना व्हई."

वना रडत गेला. आम्ही बैलगाडी जोडली. नाल्याशी पोचलो आणि तिचा श्वास संपला. त्याआधी तिने माझा हात घट्ट धरून सांगितलं, "अभिमनले सांगू नको. त्याना जीवले लागी." दुपारी तू आलास तेव्हा तुझ्या कॉलरवर गुलाल होता. तू माझ्या गळ्यात पडून रडलास आणि विचारलंस, तिला त्रास तर नाही ना झाला? मी नाही म्हणाले. वनाने त्याच आठवड्यात नोकरी सोडली. तू त्याला वेडा म्हणालास; तो खाली मान घालून ऐकत राहिला.

हे मी माझ्याबरोबरच नेणार होते. पण तू लिहिलंस की जिल्ह्याकडून गावाला नवी गाडी येतेय, तिच्यावर 'पार्वताबाई' असं आईचं नाव रंगवायचंय, आईचा फोटो पाठव आणि आखाजीच्या सणाला नारळ फोडायला तूच ये. अभिमन, आईला दिलेला शब्द मी आज मोडला, तो एवढ्यासाठीच. फोटो पाठवत नाही. नारळ फोडायला येणार नाही. त्या गाडीवर तिचं नाव दिसलं तर मी भर चौकात ते खरवडून काढीन, मग लोक मला काहीही म्हणोत. तू मात्र आखाजीला ये. हार नको, माणसं नकोत, एकटा ये. फाट्यापासून माझ्याबरोबर पायी चल. ती कुठे गेली ती जागा तुला दाखवते.

तुझीच,
सुनंदाअक्का