रुद्रभूमीची वाकडी भिंत

अप्पा, काल पंचायतीतली दोन पोरं घरी आली होती. रुद्रभूमीच्या कमानीजवळ एक फलक लावायचा आहे, त्यावर जागेचा इतिहास लिहून द्या म्हणाली. शाळेतून निवृत्त होऊन घरी रिकामी बसलेली मी, त्यात तुमची मुलगी, तेव्हा दुसऱ्या कुणाकडे जाणार? मी चहा टाकला आणि सांगत गेले. मधोमध मठाच्या स्वामींची समाधी, ती सगळ्यांत जुनी. तिच्या भोवती पेठेतल्या व्यापाऱ्यांचे दगडी चौथरे, वर लिंग, समोर नंदी. त्यांच्या पलीकडे शेतकऱ्यांच्या रांगा, तिथे दगड नाही, नुसते मातीचे उंचवटे, आणि प्रत्येक रांगेच्या टोकाला एक कडुलिंब, रांग चुकू नये म्हणून. आपल्या लिंगायतांत मेलेल्या माणसाला आडवं करत नाहीत, मांडी घालून कोनाड्यात बसवतात, तोंड उत्तरेला, आणि खड्डा आखायचा तो त्याच्याच पावलाने, लांबीला नऊ पावलं नि रुंदीला पाच, हे ऐकून त्या पोरांनी वहीतून मान वर केली. त्यांना हे कुणी सांगितलंच नव्हतं. सगळं वहीत उतरवून झाल्यावर उठता उठता एकाने विचारलं, "बाई, दक्षिणेची भित सरळ येती येती आन मदीच भाईर का फुगलीया?" मी म्हटलं, खाली खडक लागला म्हणून वळवली. पटकन तोंडातून गेलं. पोरं गेल्यावर कप तसेच ठेवून मी ओट्यापाशी उभी राहिले, आणि इतक्या वर्षांनी मला तुमचा पुन्हा राग आला.

तुम्ही मारकुटे होता. हे फलकावर येणार नाही, म्हणून इथे लिहिते. गावात तुमच्याइतका नाकासमोर चालणारा माणूस नव्हता. कुणाच्या दारात मोठ्याने बोलला नाहीत, कुणाचा एक शब्द खाली पडू दिला नाहीत. घरात मात्र आधी हात आणि मग तोंड. भाकरी करपली म्हणून आईला चुलीपुढून केसाला धरून ओढलेलं मला आठवतं. तव्यावरची दुसरी भाकरी तशीच राहिली आणि घरभर जळका वास सुटला. तुम्ही बैलाचा कासरा दुमडून घेतला होता. मी मधे पडले तर मलाही दोन बसले. मग तुम्ही राख झटकून जेवायला बसलात आणि ओठ फुटलेल्या आईने तुम्हाला वाढलं. रागावलात की तुम्ही कानडीत शिरायचात. "सुम्न कुंद्र," म्हणायचात, म्हणजे गप बस. आमच्या घरात सगळ्यांत जास्त ऐकू आलेले शब्द हेच असतील.

आणि तोच हात मी रुद्रभूमीत बघत होते. कुणी गेलं की निरोप आधी आपल्याकडे यायचा. तुम्ही अंघोळ करून सुतळी घेऊन निघायचात. प्रेताच्या टाचेपासून अंगठ्यापर्यंत सुतळी धरायची, दोन्हीकडे गाठ मारायची आणि त्या मापाने खड्डा आखायचा. काम झालं की ती सुतळी घरी आणून कोनाड्यातल्या डब्यात ठेवायचात. दोन रांगांमधलं अंतर मात्र तुमच्या स्वतःच्या पावलांनी मोजलेलं. कागद नव्हता, नकाशा नव्हता, पण कोण कुठे बसलं आहे हे तुम्हाला अचूक माहीत असायचं. आई तापाने गेली तेव्हा मी पंधरा वर्षांची. तिचं माप घेताना तुम्ही तिची टाच तळहातावर घेतली आणि बराच वेळ सोडलीच नाही. पाऊल लहान होतं तिचं, खड्डाही लहानच झाला. तुम्ही रडत होता आणि मला तुमची कीव येत नव्हती. मला वाटत होतं, हा हात असाही धरता येत होता तर.

पुढे दोन वर्षांनी बहात्तरचा दुष्काळ पडला. बहुतेक विहिरी आटल्या, रानं उघडी पडली आणि गावाला सरकारी काम निघालं ते रुद्रभूमीच्या भिंतीचं. गावच्या माळावर दगड काढायचे, फोडायचे आणि पाट्यांनी वाहायचे. मी पाटीवर होते, तुम्ही पायाच्या खणतीवर. पहिल्याच आठवड्यात ओव्हरसियर साखळी आणि नकाशा घेऊन आला, हद्द मोजली, खुंट्या ठोकल्या आणि पांढऱ्या फक्कीची रेघ मारली. रेघ शेवटच्या रांगेच्या अलीकडून गेली. त्या रांगेत तिघीच होत्या, टोकाची, मधे एक जागा सोडून बसवलेली, आई. तिघी भिंतीबाहेर, दक्षिणेला लागून ज्याचं रान होतं त्या शेजाऱ्याच्या ढेकळांत. दरसाल त्याचं औत त्या रांगेजवळ येत चाललं होतं. भिंत झाल्यावर ते थेट उंचवट्यावरून गेलं असतं, हे कळायला मला काही नकाशा लागत नव्हता.

ओव्हरसियर तुम्हाला म्हणाला, "ही रांग हद्दीबाहेर आहे. नकाशात नाही." सगळं काम थांबून बघत होतं. मी पाटी खाली ठेवली. मला वाटलं, आता अप्पा बोलणार. तुम्ही टोपी काढलीत आणि म्हणालात, "नकाशात आसंल ते खरं, सायेब. रेघ हाय तशी ऱ्हाऊ द्या."

"अप्पा, आई भाईर ऱ्हाती की," मी म्हणाले.

"सुम्न कुंद्र."

आमटीत मीठ कमी पडलं तर तांब्या फेकून मारणारा माणूस त्या परक्या माणसापुढे मान खाली घालून उभा होता. माझ्या कानशिलात आग पेटली होती. दुपारी सगळे लिंबाच्या सावलीला सुकडी खायला बसले तेव्हा मी दक्षिणेच्या टोकाला गेले. चार खुंट्या उपटल्या आणि आईच्या पलीकडे, बारा हातांवर, दगडाने ठोकल्या. जुनी रेघ पायाने पुसली. तिथल्या पाटीत उरलेली फक्की मुठीने सोडत नवी मारली. वाकडीच आली, पण आली. परत येऊन मी तुमच्याशेजारी बसले आणि तुम्ही मला तुमच्यातली मूठभर सुकडी दिलीत. दुपारनंतर मुकादमाने रेघ दिसली तशी खणती लावली. तुम्ही त्या वेळी कमानीकडच्या बाजूला होता. संध्याकाळपर्यंत शेजाऱ्याच्या रानात गुडघाभर चर पडला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारी आला. बरोबर दोन पोरगे, धाकट्याच्या हातात काठी, थोरला रिकामा. हा थोरला त्या उन्हाळ्यात आम्हाला त्यांच्या विहिरीवर दोन घागरी भरू द्यायचा, बापाला न सांगता. शेजाऱ्याने चर बघितला आणि तो सरळ तुमच्याकडे आला.

"खुंट्यास्नी पाय फुटलं व्हय रं?"

"म्या हात लावला न्हाई," तुम्ही म्हणालात. चर बघून तुमचाही चेहरा बदलला होता. "रेघ हितं न्हवती. मलाबी कळंना झालंय."

"तुजी बायकू हाय न्हवं त्या टोकाला? मग दुसरं कोन लावंल हात?"

तुम्ही गळ्यातलं लिंग मुठीत धरलंत. "ह्येच्यावर हात ठिवून सांगतो."

"मढ्याच्या जिवावर जगनारा तू. लिंगावर खोटं बोलाया लाजत न्हाईस?" असं म्हणून त्याने तुमच्या गळ्यातल्या दोऱ्याला हिसडा दिला. दोरा तुटला आणि लिंग चरात पडलं.

तुम्ही वाकलात तेव्हा मला वाटलं, लिंग उचलायला वाकलात. तुम्ही पहार उचललीत. पहिला घाव त्याच्या खांद्यावर बसला आणि हाड मोडल्याचा आवाज मी वीस हातांवरून ऐकला. धाकट्याने तुमच्या पाठीत काठी घातली, ती मोडली, मग त्याने अर्ध्या काठीने तुमचं तोंड फोडलं. आणि मग सगळं कामच एकमेकांवर तुटून पडलं. कोण कुणाच्या बाजूचा, कशासाठी, निम्म्यांना ठाऊक नव्हतं. महिनोन्महिने अर्धपोटी दगड फोडणारी माणसं, त्यांच्या हातात दगडच होते. एका म्हातारीच्या कपाळावर दगड लागून ती पाटीसकट कोसळली. मुकादम जिवाच्या भीतीने कमानीकडे पळाला. तुमच्या दाढीतून रक्त गळत होतं आणि तुम्ही पहार फिरवत होता. थोरला पोरगा मधे शिरला. दोन्ही हात वर, रिकामे. "काका, बास. काका, बास करा." तुमची पहार त्याच्या कानशिलावर बसली. तो आडवा पडला नाही. चराच्या कडेला खाली बसला, मांडी घातल्यासारखा, आणि कानातून रक्त खांद्यावर उतरायला लागलं. तो बसल्यावरही तुम्ही त्याला एक मारलीत. हे मी कोर्टात सांगितलं नाही. मला विचारलं नाही, म्हणून सांगितलं नाही.

पोलीस तुम्हाला सोलापूरला घेऊन गेले आणि थोरला दुसऱ्या दिवशी दुपारी गेला. माप घ्यायला गावात कुणी नव्हतं. मठातले जंगमस्वामी आपल्या दारात येऊन म्हणाले, "पोरी, सुतळी घेऊन चल. ह्ये काम तुमच्या घरचंच हाय." मी नको म्हणाले. मग गेलेच. त्यांच्या अंगणात बाया मला बघून बाजूला सरकल्या. मला वाटलं आता मारणार, आणि मारलं असतं तर बरं झालं असतं. त्याच्या आईने त्याच्या पायावरचं धोतर स्वतः बाजूला केलं.

"घे माप," ती म्हणाली. "तुज्या बापानं मारलाय, तू मोज."

मी टाच हातात घेतली. मोठं पाऊल होतं, टाचेला भेगा. मला गाठ मारता येईना. तिनेच सुतळीचं दुसरं टोक धरलं. बाहेर शेजारी बसला होता, हात गळ्यात बांधलेला. कुठे बसवायचं असं कुणीतरी विचारलं, तर म्हणाला, "माज्या रानात बसवा. ज्या जाग्यासाटी गेला, तितंच." त्याला माझ्या आईच्या शेजारी बसवलं. महिन्याने ओव्हरसियर पुन्हा साखळी घेऊन आला, जुन्या जागी रेघ मारायला. तेव्हा शेजारीच आडवा आला. माझ्या पोराला भिंतीबाहेर ठेवायचं नाही म्हणाला, आणि ती पट्टी त्याने रुद्रभूमीला लिहून दिली. भिंत तिथे बाहेर गेली, त्याला पोटात घेऊन पुन्हा आत आली. आई भिंतीच्या आत आली ती अशी. माझ्या खुंट्यांचा काडीचा उपयोग झाला नाही.

तुरुंगात मी तुम्हाला तीनदा भेटले. तिसऱ्या खेपेला तुम्ही जाळीपलीकडे बसला होता, पुढचे दोन दात नव्हते, त्यामुळे बोलणं मऊ झालं होतं. तुम्ही म्हणालात, "सायेबाची रेघ बरोबर हुती गं. ती रांग मीच भाईर काडली हुती. लिंबाखाली सावली पडती, म्हनून तुज्या आईला तितं बसवली. दुसऱ्याच्या रानात जातंय, मला ठावं हुतं. म्हनून गप बसलो." म्हणजे त्या दिवशी ओव्हरसियरपुढे तुम्ही घाबरला नव्हता. तुमची चूक होती आणि तुम्ही ती मान्य केली होती, आयुष्यात एकदा, आणि नेमकी मी तेवढीच बघून पेटले होते. मग तुम्ही विचारलंत, "खुंट्या कुनी हलवल्या आसतील?"

"मला न्हाई म्हाईत, अप्पा."

"आसू दे. तू खोटं बोलत न्हाईस," असं म्हणालात. पुढच्या उन्हाळ्यात काविळीने तुम्ही तिथेच गेलात. तुम्हाला आणलं तेव्हाही माप मीच घेतलं. आईच्या एका बाजूला शेजाऱ्याचा थोरला आहे आणि दुसऱ्या बाजूला तुम्ही. दरसाल जाते, तिन्ही उंचवट्यांवर बेल ठेवते. त्याची आई होती तोवर तीही यायची. आम्ही कधी बोललो नाही, पण तिने पाण्याचा तांब्या मला द्यायचा आणि मी तिला, असं चालायचं.

पोरं उद्या मजकूर न्यायला येतील. त्यात मी खडक लागल्याचंच लिहिलं आहे आणि ते बदलणार नाही. त्या घरची नातवंडं आता माझ्या शाळेत शिकून गेली आहेत. कमानीवर कुणाच्या चुलत्याचं रक्त रंगवायचं? हा कागद मात्र घडी घालून डब्यात ठेवते, सुतळ्यांबरोबर. तिथे आईची आहे, त्याची आहे, तुमचीही आहे. तुमची आणि त्याची सुतळी एकदा शेजारी धरून बघितली, सारखीच भरली.

खुंट्या मी आईसाठी सरकवल्या, असंच मी आजवर स्वतःला सांगत आले. आई मेलेली होती, अप्पा. तिला भिंतीच्या आत काय आणि बाहेर काय. त्या दुपारी मला एवढंच हवं होतं की तुमचा हात एकदा तरी घराबाहेर, दुसऱ्या कुणावर उठावा. शेजाऱ्याच्या खांद्यावर पहिला घाव बसला आणि हाड मोडलं, तेव्हा मला बरं वाटलं होतं.