कवडीच्या पायाची पट्टी

मालाड (पश्चिम)
दि. ८ एप्रिल २०२५

चि. राजेशभावोजी यांस,
अनेक आशीर्वाद.

मी बरी आहे. बोरिवलीत तुम्ही सगळे खुशाल असालच. केतन आणि सूनबाई फिरून आले ना? फोटो पाहिले. सून गोड दिसते. फोनवर तुम्ही मध्येच बोलता आणि माझं राहून जातं, म्हणून लिहायला बसले.

तुमचा निरोप मिळाला. साडूंच्या यज्ञेशची वरात अक्षय्य तृतीयेला आहे, त्यासाठी माझी घोडी, कवडी, हवी. "पायाचं काय एवढं, घुंगरू बांधले की झाकतं," असंही तुम्ही म्हणालात. केतनच्या वरातीआधी डिसेंबरातही तुम्ही हेच म्हणाला होतात.

घोडीचा पाय कसा आहे, हे तुम्ही विचारलं नाहीत. तरी सांगते. नोव्हेंबरात तबेल्याचा पत्रा लागून तिच्या मागच्या पायाला, घोट्याच्या वर, चांगली चार बोटं जखम झाली. डॉक्टर शर्मिष्ठाबाई बोलल्या, "रत्नप्रभामावशी, इथे मांस नाही, नुसतं हाड आणि कातडी. घोडी चालली की जखम ताणते आणि आतून नवं मांस भसाभस वाढतं. ते एकदा वर आलं ना, की कातडी त्याच्यावर चढतच नाही. रोज मिठाच्या पाण्याने धुवायचं, कापूस देऊन घट्ट पट्टी बांधायची आणि हिला चालवायचं नाही. बास."

तीन आठवडे मी तेवढंच केलं. कडेने गुलाबी कातडी धरायला लागली होती. तुमचे दादा असते तर खूश झाले असते.

मग तुम्ही आलात. मंगलकार्यात पांढरी पट्टी दिसली तर मुलीकडचे अपशकुन म्हणतील, म्हणालात. पट्टी सुटली. वरात पाच तास चालली, बँजोवर नाचवलं तिला. परत आणली तेव्हा घुंगरांचा पट्टा जखमेत रुतला होता.

आता तिथे मुठीएवढा लाल गोळा आहे. हात लागला की रक्त येतं. मोरचूद लावून जाळ, असं तबेल्यातल्या तिघांनी सांगितलं. त्याने नवी कातडीही जळते, म्हणून नाही लावला. तेवढी अक्कल शाबूत होती. गुरुवारी शर्मिष्ठाबाई तो कापणार आहेत. त्या मांसाला दुखत नाही म्हणे, रक्त मात्र फार जातं. पुन्हा पट्टी, पुन्हा दोन महिने एका जागी. त्यातूनही नाही भरलं, तर जन्माची लंगडी.

चार महिने मी सगळ्यांना सांगत फिरते की पट्टी राजेशभावोजींनी काढली. ते खोटं आहे. तुम्ही तर तिच्याजवळ यायलाही घाबरता. पट्टी मी सोडली, घुंगरूही मीच बांधले. कडेची ती गुलाबी कातडी दिसत असताना बांधले.

का, ते तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही म्हणाला होतात, "वहिनी, केतन घोडीवर बसला की पहिलं तुम्हीच ओवाळायचं. दादा नाही म्हणून काय झालं?" दादा गेल्यापासून दोन वर्षांत मला शुभकार्यात कुणी पुढे हो म्हटलं नव्हतं. हुरळली मेंढी लागली लांडग्याच्या पाठी, तशी गत झाली माझी. नवी साडी नेसून आले.

आणि ओवाळणीचं ताट शकुवन्संच्या हातात होतं. मी लगाम धरून उभी. तुमच्या व्याह्यांनी विचारलं, "या कोण?" तुम्ही माझ्याकडे न बघताच म्हणालात, "घोडीवाली."

पाच तास लगाम धरून चालले. कवडी पाय टेकवताना कचरत होती, ते कळत होतं मला. तरी थांबवली नाही तिला. वाटलं, शेवटी तरी बोलवाल. याबद्दल तुमचा राग येतोच, पण माझा मला जास्त येतो.

कवडी मिळणार नाही. यज्ञेशला गाडीतून न्या. पुढेही तुमच्या घरच्या कुठल्या कार्याला ती येणार नाही, आणि मीही नाही. पट्टी बांधताना पाय धरायला कुणी लागतं, पण मी एकटीने जमवलंय. तिचा खूर मांडीवर घेऊन बसते. ती लाथ मारत नाही. मारायला हवी होती.

केतनला आशीर्वाद.

आपली,
घोडीवाली