भाऊबीजेला नेलेला डबा

वडूज, १७ जानेवारी

प्रिय हरणा,

हे पाकीट तू न फोडताच चुलीत घालशील याची मला खात्री होती, म्हणून ते पोस्टात टाकलं नाही. तुझ्या मालकांच्या, अर्जुनरावांच्या हाती दिलंय आणि तुझं वाचून होईस्तोवर समोरून हलू नका, असं त्यांना बजावलंय. भाऊबीज झाल्यापासून तू माझा फोन उचललेला नाहीस. माझ्या बायकोचा, राणीचा उचलतेस, आमच्या लेकीशी, सृष्टीशी तासभर बोलतेस, आणि मागून तुझ्या या दादाचा आवाज आला की 'कुकर लावलाय' म्हणून ठेवून देतेस. अख्ख्या आष्ट्यात मिळून इतके कुकर लागत नसतील. परवा संक्रांतीचा तिळगूळ आला, तोही राणीच्या नावाने. रुसण्यात तू लहानपणापासून पक्की आहेस. पण चार महिने झाले, मीही एका गोष्टीला चिकटून बसलोय, आणि आता आधी कोण दमतं ते बघूच. मला तू पहिल्यासारखी बोलायला हवी आहेस. त्यासाठी झालं ते सगळं सांगतो. मध्ये कुठे राग आला तर घोटभर पाणी पी आणि पुढे वाच.

भाऊबीजेला मी इस्लामपूरच्या बाजारात बकरी उतरवली आणि पिकअप घेऊन तसाच दुपारी तुझ्याकडे आलो. तू पाट मांडून बसली होतीस. ओवाळलंस, करंजी मोडलीस आणि माझ्या तोंडाशी धरलीस. मी तोंड बाजूला केलं. करंजीचा तुकडा हातात घेऊन 'मग खातो' म्हणत शर्टाच्या खिशात टाकला. त्या खिशावरचा तुपाचा डाग अजून गेलेला नाही. जेवायला बस म्हणालीस, तर पोट बिघडलंय म्हणालो. पाणीसुद्धा माझ्या बाटलीतलं प्यालो, कारण बाटली हातात होती, दुसरं काही कारण नव्हतं. आणि तुझ्या घरून निघाल्यावर दोनशे पावलांवर, उसाच्या कडेला गाडी लावून मी घरून आणलेला डबा उघडला. मटणाचं सुकं, चार उकडलेली अंडी आणि मेथीची भाजी. नेमक्या तेव्हाच तुझ्या सासूबाई वैरणीचा भारा घेऊन बांधावरून आल्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, डब्याकडे बघितलं आणि भारा सावरत घराकडे वळल्या. पोट बिघडलेला माणूस मटण हाणतोय म्हटल्यावर त्यांना तरी काय वाटणार? तीन दिवसांनी ओवाळणीची साडी त्याच पिशवीत घालून परत आली.

तुला काय वाटलं, ते सृष्टीने सांगितल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला. दीड वर्ष झालं, तुझं लिव्हर थकलंय. डोळे पिवळे दिसतात म्हणून गल्लीने त्याला कावीळ ठरवलं. हा आजार एकाचा दुसऱ्याला लागणारा नाही, हे डॉक्टरांनी दहादा सांगितलं. तरी बायका हळदीकुंकवाला येतात, वाण घेतात आणि पाण्याचा पेला न उचलता निघून जातात. ते तू गिळलंस. पण सृष्टीला म्हणालीस, "बाहीरच्यांचं काय वाटत न्हाई गं मला. पर दादानं बी माझ्या हातचं टाकलं." हे ऐकलं आणि मी तसाच पिकअप काढून पुसेसावळीपर्यंत आलो होतो. तिथून मागे फिरलो. तुझ्यासमोर आलो असतो तर सगळंच सांगावं लागलं असतं, आणि ते सांगायची वेळ तेव्हा आलेली नव्हती. घरी येऊन पांघरूण ओढून झोपलो. हरणा, त्या दिवशी मी रडलो, हे लिहायला मला लाज वाटत नाही.

तुझ्या हातचं मी टाकीन? आठवतं का, आई-अप्पा मेंढरं घेऊन खाली कृष्णाकाठाला उतरले होते आणि आपण दोघंही त्यांच्यासोबत मेंढरांच्या तळावर होतो. तू नऊ वर्षांची. आईला ताप भरला म्हणून तू पहिल्यांदा भाकरी थापलीस. एका बाजूने कोळसा, दुसऱ्या बाजूने कच्चं पीठ आणि मध्ये तुझ्या अंगठ्याएवढं भोक. अप्पांनी ती कुत्र्यापुढे टाकायला उचलली, तर मी त्यांच्या हातातून ओढून घेतली आणि मीठ-मिरचीशी सगळीच्या सगळी खाल्ली. दोन दिवस पोट दुखत होतं, पण तुला सांगितलं नाही. तेव्हापासून भाऊबीजेपर्यंत तुझ्या हातचं मी एकदाही नाकारलं नव्हतं. म्हणून तो दिवस तुझ्यापेक्षा मला जास्त लागला.

आता मी कशाला चिकटून बसलोय ते सांगतो. याला पॅलिओ म्हणतात. सृष्टी नर्सिंगला साताऱ्याला गेली, तिथून ती हे शिकून आली. मला वजन उतरवायचंच होतं. नुसतं कमी जेवून मला जमणार नाही हे तिला ठाऊक होतं, म्हणून तिने मला बरं वाटेल असं पथ्य शोधलं आणि डॉक्टरांना दाखवून पक्कं केलं. माणूस शेती करायला लागला त्याच्या आधी जे खात होता तेवढंच खायचं. मटण, मासे, अंडी, भाज्या, फळं, खोबरं. ज्वारी-बाजरी बंद, गहू-तांदूळ बंद, डाळ बंद, दूध बंद, साखर-गूळ तर नावच काढायचं नाही. मी म्हटलं, अगं, आपण पिढ्यान्पिढ्या मेंढरांमागे रान तुडवलं, पण भाकरी कुणी सोडली नव्हती. तर म्हणाली, "पप्पा, आजोबा दिवसाला वीस मैल चालत हुतं. तुमी क्लच दाबता." 

पहिले आठ दिवस माझं डोकं ठणकत होतं. भाकरीशिवाय कालवण म्हणजे जेवलो की नुसतं चाखलं, तेच कळेना. पण खरी अडचण निघाली शेंगदाण्याची. शेंग ही डाळीच्याच जातीची, म्हणून तीही बंद. आपल्या घरात कूट नाही अशी भाजी कधी झालीय का? वांगं, दोडका, ठेचा, सगळीकडे कूट. राणी पहिल्या दिवशी कढईसमोर नुसती उभी राहिली, हातातला कुटाचा डबा कुठे ठेवावा ते तिला समजेना. मग मीच पदर खोचला म्हण ना. पहाटे उठून सुकं खोबरं भाजतो, कांदा-लसूण भाजतो, त्याचं वाटण करतो. वांग्याच्या भरतात कूट नाही, तर खोबरं आणि हिरवा कांदा. भाकरीच्या जागी कोबीची पानं तव्यावर शेकून घेतो आणि त्यात मटणाचं सुकं गुंडाळतो. बांधावरची तांदुळजाची आणि घोळीची भाजी मीच खुडून आणतो. राणी आधी हसायची, आता शेजारणीला सांगते, "आमचं मालक माझ्यापरीस बेस करत्यात." मी तिच्यापेक्षा मीठ कमी घालतो एवढंच, पण ते तिला सांगायला जात नाही.

घरचं एकवेळ सोपं, रस्त्यावरचं अवघड. आठवड्यातले चार दिवस मी बाजारांच्या मागे असतो. जिथे जाईन तिथे आधी चहा पुढे येतो, आणि चहाला नाही म्हटलं की व्यवहार मोडला असंच समोरच्याला वाटतं. आता मी काळा चहा मागतो, बिनसाखरेचा, आणि लोक विचारतात कुणी गेलं का म्हणून. इस्लामपुरात वाजिदभाईच्या खानावळीत मी वीस वर्षं जेवतो. पहिल्यांदा नुसतं मटण आणि कांदा-काकडी मागितली, तर ते स्वतः टेबलापाशी येऊन उभे राहिले. "बिरदेव, भाकरीनं तुझं काय घोडं मारलंय? पिठात खडा लागला व्हय?" मी म्हटलं, पथ्य आहे. त्यांनी जास्त विचारलं नाही. पण पुढच्या वेळेपासून माझ्यासाठी न सांगता वेगळ्या भांड्यात कालवण ठेवायला लागले, त्यात कूट नाही, डाळीचं पीठ नाही. कधी पोचायला उशीर झाला तर फोन करून विचारतात. इतकी माया लागली की पोट आपोआप भरतं. बाकी ठिकाणी डबा सोबत ठेवतो. सीटखाली अंडी, पेरू, भाजलेलं रताळं, खोबऱ्याच्या कातळ्या. त्या डब्याने माझी लाज राखली आणि त्याच डब्याने तुझ्या दारात घालवली.

एकदा मोडलं, तेही सांगतो. दिवाळी होऊन गेली होती, तू बोलत नव्हतीस, मी आष्ट्यावरून पुढे चाललो होतो आणि तुझ्या घराकडे वळायची हिंमत होईना. रस्त्याला लागूनच गुऱ्हाळ पेटलेलं. वास आला आणि पाय ब्रेकवर गेला. कढईतला गरम गूळ पानावर घेतला, एकदा घेतला, परत घेतला, बोटं चाटली. गाडीत बसलो आणि मग मला काय झालं कोण जाणे, मी तुझ्याच तोंडचा घास काढून खाल्ल्यासारखं वाटलं. घरी येऊन सृष्टीला फोन करून कबूल केलं. ती रागावली नाही. म्हणाली, "उद्यापास्नं पुना चालू. एका गुळानं काय हुतंय." त्यानंतर आजपर्यंत एक कण नाही. गावच्या जत्रेत नाही, दोन लग्नांत नाही, परवाच्या तिळगुळाचासुद्धा नाही. शहाण्णव किलोचा होतो, आता एकोणऐंशी आहे. पँटी राणीने आत घेतल्यात. लोक म्हणतात बिरदेवला साखर लागली, कुणी म्हणतं त्याहून वाईट काहीतरी लागलंय. म्हणू देत. तुझ्या त्या करंजीचा तुकडा मात्र मी देव्हाऱ्यातल्या डबीत ठेवलाय. एव्हाना खवट झाला असेल, पण टाकवत नाही.

आता शेवटचं, आणि हेच सांगायला बसलो होतो. गणपतीत अर्जुनराव माझ्याकडे आले होते. तुला नवीन लिव्हर बसवल्याशिवाय गत्यंतर नाही आणि त्यांचा रक्तगट जुळत नाही, एवढंच ते बोलले आणि पिकअपला टेकून रडले. माझ्याकडे त्यांनी काही मागितलं नाही. का मागितलं नाही, तेही मला ठाऊक आहे. तू त्यांना शपथ घातली होतीस ना, "माझ्या म्हायेरात कुणाला इचारलंसा तर माझं मेलेलं त्वांड बघशीला" म्हणून? त्या माणसाने शपथ मोडलेली नाही. मी माझा पुण्याला गेलो आणि तपासण्या केल्या. सगळं जुळलं, पण डॉक्टर म्हणाले, तुमच्या लिव्हरवर चरबी आहे, असलं आम्ही घेत नाही. उतरवलीत तर बघू, नाही उतरली तर विषय संपला. ती उतरेल की नाही, याचा भरवसा नव्हता. तुला आशा लावून मग हात वर करायचे, हे मला जमलं नसतं, म्हणून गप्प राहिलो आणि तुझी करंजी खिशात टाकली. गेल्या मंगळवारी रिपोर्ट आला. लिव्हर स्वच्छ आहे. डॉक्टरांनी सृष्टीच्या पाठीवर थाप मारली. धोका अजिबात नाही असं ते म्हणाले नाहीत, आणि मीही तुला तसं म्हणणार नाही. पण लिव्हरचा तुकडाच काढून घेतात, माझं राहिलेलं काही महिन्यांत परत वाढतं आणि तुला दिलेलं तुझ्यात वाढतं, असं त्यांनी मला दोनदा समजावलं. राणीची सही लागत होती. मी कागद पुढे केला तर म्हणाली, "भनीला द्यायचं, तर मला कशाला इचारता?" सही केली, आणि संध्याकाळभर चुलीपुढे डोळे पुसत बसली. वीस फेब्रुवारीची तारीख मिळालीय. आता फक्त तू यायचं राहिलंय. शपथ तू अर्जुनरावांना घातली होतीस, मला नाही, तेव्हा तो रस्ता बंद. रडून झालं की फोन कर आणि कुकर लावलाय म्हणू नकोस. बरी झालीस की ताजी करंजी कर आणि स्वतःच्या हाताने माझ्या तोंडात घाल. त्या दिवशी सृष्टीचंसुद्धा ऐकणार नाही. साडी परत पाठवलीस, ते मी चालवून घेतलं. ही ओवाळणी मात्र एकदा घेतली की परत पाठवता येत नाही, मी डॉक्टरांना विचारून घेतलंय.

तुझ्या पहिल्या भाकरीचा धनी,
तुझाच दादा
बिरदेव